साल आधी, जोडा नंतर: जुनी युरोपी पायताणं ठाण्यात बनवताना

वसईच्या मोहिमेवर नाटक किंवा चित्ररथ करायचा ठरला की पोर्तुगीज शिपायाचा वेश जवळपास ठरलेलाच असतो. डोक्यावर होडीसारख्या काठाचा, मधोमध उभी कड असलेला लोखंडी टोप, कमरेखाली फुगीर चड्डी आणि पायात गुडघ्यापर्यंतचे रुंद तोंडाचे बूट. हा वेश कुठल्याच एका सालचा नाही. तो टोप, म्हणजे मोरियन, सोळाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. फुगीर चड्डीही साधारण त्याच काळातली. रुंद तोंडाचे उंच बूट सतराव्या शतकातले. आणि चिमाजी अप्पांच्या फौजेनं वसई घेतली ती १७३९ मध्ये, तेव्हा यातलं काहीच अंगावर नसायचं.

म्हणून पहिला प्रश्न जोड्याचा नसतो, सालाचा असतो. वसई पोर्तुगीजांना मिळाली १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाशी झालेल्या तहानं. ठाण्याचा किल्ला, जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे, मराठ्यांनी घेतला १७३७ मध्ये. या दोन सालांमध्ये दोनशे वर्षं आहेत आणि तेवढ्या काळात युरोपातला जोडा मुळापासून बदलला. १५३४ च्या माणसाच्या पायात सपाट, बिनटाचेचा, पुढून बैलाच्या तोंडासारखा रुंद जोडा हवा. १७३७ च्या माणसाला टाच हवी, पट्ट्यांवर धातूचं बक्कल हवं, आणि दोन्ही पायांचे जोडे एकाच आकाराचे हवेत. हो, डावा-उजवा भेद त्या काळात नव्हता. मध्ययुगात तो होता, टाच आल्यावर साधारण १६०० पासून गेला आणि एकोणिसाव्या शतकात परत आला. जोडा जितका जुना तितका ओबडधोबड, असं डोक्यात बसलेलं असतं. चौदाव्या शतकातला तळ मात्र पायाच्या वळणाला आजच्या पुष्कळ बुटांपेक्षा जास्त धरून असतो.

१७३७ चं काम तुलनेनं सोपं. चामड्याचा तळ असलेला साधा काळा बूट घ्यायचा, त्याला पुढे उंच जीभ आणि दोन लांब पट्टे लावून घ्यायचे आणि वर पितळी बक्कल अडकवायचं. बक्कल त्या काळीही सुटंच असे, एका जोड्यावरून काढून दुसऱ्यावर लावलं जाई. आकार बदलून घेण्याचं काम नेहमीचा मोची नीट करतो. मागे आणखी गेलात, पंधराव्या शतकाकडे किंवा त्याच्याही आधीच्या काळाकडे, की आयता बूट सुधारून भागत नाही. तिथे शिवण्याची पद्धतच वेगळी आहे, आणि पुढचं सगळं त्याबद्दल.

मध्ययुगातला जोडा उलटा शिवतात आणि मग पिशवीसारखा सुलटा करतात. इंग्रजीत त्याला टर्नशू म्हणतात, आपण उलटजोडा म्हणू. शिवण आत जाते, बाहेरून टाका दिसत नाही आणि दोरा रस्त्यावर घासला जात नाही. साधारण १५०० नंतर वेल्ट, म्हणजे कडेची पट्टी लावून खाली वेगळा तळ शिवायची पद्धत आली. हलक्या जोड्यांसाठी उलट शिवणं तरीही चालू राहिलं. त्यामुळे १५३४ च्या पात्रालाही उलटजोडा शोभतो, फक्त पुढचं तोंड रुंद कापायचं. लांब टोकाचे जोडे मात्र १५३४ ला आणू नका. ते चौदाव्या शतकाच्या शेवटचे, आणि पुन्हा १४६०-७० च्या सुमाराचे. इंग्लंडमध्ये १४६३ च्या कायद्यानं लॉर्डपेक्षा खालच्या माणसाच्या जोड्याचं टोक दोन इंचांवर नेऊ नये असं ठरवलं होतं. टोकात शेवाळ भरत, म्हणजे ते उभं राही.

आता चामडं. यात चूक झाली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. धारावीच्या चामड्याच्या दुकानांत जे मऊ, एकसारख्या रंगाचं, स्क्वेअर फुटावर विकलं जाणारं चामडं पुढे येतं, ते बहुतेक क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं असतं. क्रोमची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. काळाचा मुद्दा सोडला तरी ते उलटजोड्याला निरुपयोगी आहे, कारण ओलं करून फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, ताणलं तर ते आकार धरून ठेवत नाही. आपल्याला सालीनं कमावलेलं, ज्याला व्यापारी व्हेज टॅन म्हणतात, ते हवं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते याच जातीचं. तामिळनाडूत अशीच व्हेज टॅन कातडी तयार होतात, तीही चालतात.

दुकानात ओळखायचं कसं? कापलेली कड उजेडात धरा. क्रोमच्या चामड्यात मधला थर निळसर-राखाडी दिसतो, व्हेज टॅनमध्ये कड आरपार तपकिरी असते. मग दाणेदार बाजूवर, म्हणजे जिथे केस होते त्या वरच्या बाजूवर, पाण्याचा थेंब सोडा. व्हेज टॅन तो पितं आणि तिथे गडद डाग पडतो. वर प्लॅस्टिकसारखा लेप असेल तर थेंब घरंगळतो, म्हणून शक्यतो बिनफिनिशचा तुकडा मागा. अजूनही शंका असेल तर बोटभर पट्टी घरी आणून उकळत्या पाण्यात टाका. व्हेज टॅन लगेच आकसतं आणि कडक होतं, क्रोमला फारसं काही होत नाही. जाळून बघण्याचा सल्लाही पुष्कळ जण देतात, पण क्रोमचा धूर आणि राख अंगाला चांगली नाही. उकळून कळत असताना जाळायची गरज नाही.

घोट्यापर्यंतच्या एका जोडीला वरचं चामडं कापणीतली नासधूस धरून ३ ते ४ स्क्वेअर फूट लागतं, जाडी १.८ ते २ मिलिमीटर. तळाला दीड स्क्वेअर फूट, जाडी साडेतीन ते चार. तळ पाच मिलिमीटरचा घेतला तर जोडा जास्त टिकेल असं वाटतं, आणि नवशिक्याचा जोडा इथेच फसतो. पाचचा कडक तळ उलटवताना बोटांपाशी मोडतो. वरचं चामडं पाठीच्या भागातून कापा. पोटाचा भाग ताणला जातो आणि महिनाभरात जोडा पायातून निसटायला लागतो.

नमुना पायावरूनच घ्यायचा. जुना मोजा घाला, त्यावर मास्किंग टेपचे दोन थर गुंडाळा, उभं राहून दोन्ही पायांवर वजन टाका आणि पेननं रेषा मारा: तळाची कड, घोट्याची उंची, आणि पायाच्या आतल्या बाजूची उभी शिवण. बहुतेक मध्ययुगीन जोड्यांचा वरचा भाग एकाच तुकड्याचा असतो आणि तो पायाभोवती फिरून आतल्या बाजूला जोडला जातो. पादत्राणांच्या दुकानात दिसणारी मागच्या टाचेवरची उभी शिवण घातलीत की जोडा लगेच आजचा वाटतो. टेप कापून सपाट करा, तळाकडे १० मिलिमीटर जास्त ठेवा, आणि चामड्याला हात लावण्याआधी जुन्या जाड कांबळ्याच्या तुकड्यावर एकदा शिवून बघा. या एका तालमीत पाऊण चुका निघून जातात.

शिवायला जवसाच्या धाग्याचा, म्हणजे लिननचा, दोरा. (चटणीत पडते ती जवस याच झाडाची.) दोन भाग मधमाशीचं मेण आणि एक भाग राळ मंद आचेवर वितळवून गोळा करा आणि दोरा त्यातून चार-पाचदा ओढा. राळेमुळे टाका भोकात घट्ट बसतो, नुसत्या मेणानं सरकतो. नायलॉनचा दोरा मजबूत खरा, पण तो मऊ कातड्याला करवतीसारखा कापत जातो.

ठाणे स्टेशनबाहेरच्या मोच्याकडे हे काम द्यायचं असेल तर एक गोष्ट आधी समजावून सांगा. त्याच्या आरीला, म्हणजे भोक पाडायच्या टोच्याला, टोकाशी खाच असते. ती चामड्यातून सरळ आरपार जाते आणि दोऱ्याचा फास वर ओढून आणते. इथे टाका आरपार जायचा नाही. तळाच्या आतल्या, खरखरीत बाजूनं कडेपासून पाच मिलिमीटरवर आरी घालायची आणि ती तळाच्या जाडीच्या मधोमध, कडेतून बाहेर काढायची. म्हणजे तळाच्या खालच्या बाजूला भोक पडतच नाही. याला वाकडी, बिनखाचेची आरी आणि दोन सुया लागतात. त्याची रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, मात्र या कामाला उत्तम, कातड्याची कड तासायला तिच्यापेक्षा चांगलं हत्यार नाही.

वरचं चामडं दाणेदार बाजू आत आणि खरखरीत बाजू बाहेर करून फर्म्यावर चढवा. तळही फर्म्यावर उलटाच, दाणेदार बाजू फर्म्याला टेकवून, बारीक खिळ्यांनी ठोका. सुलटा झाल्यावर ती बाजू जमिनीकडे येते. दोघांच्या मध्ये १० मिलिमीटर रुंदीची चामड्याची पट्टी घाला, तिला रँड म्हणतात. ती शिवणीची फट भरते आणि पाणी अडवते. तेराव्या शतकानंतरच्या जोड्याला रँड नसला तर पहिल्याच पावसात मोजा भिजतो. टाक्यांमध्ये सहा मिलिमीटर अंतर ठेवा. आठ नंबरच्या पायाला शंभर-एकशे दहा भोकं होतात, दोरा चार मीटर तरी घ्या. तळ नुसता ओलसर असावा, निथळता नको. निथळत्या चामड्यात भोक फाटतं, कोरड्यात आरी मोडते.

मग उलटवणं. फर्मा काढा आणि जोडा कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की काढा. टाच दोन्ही अंगठ्यांनी आत ढकला, तळ मधोमध दुमडा आणि टाच तोंडातून बाहेर खेचा. इथपर्यंत सोपं असतं. पुढचा भाग अडतो, आणि सगळे इथेच घाबरून जोर लावतात. जोर लावायचा नाही. तळ दोन्ही कडांनी पन्हळीसारखा लांबीत दुमडा, आतून लाटण्याचं गोल टोक बोटांच्या जागी टेकवा आणि वरचं चामडं थोडं थोडं त्यावरून मागे ओढा. कुठे कुरकुर आवाज आला तर थांबून तिथे पाणी लावा. सुलटा झाला की लगेच फर्मा परत आत घालून शिवणीवरून लाकडी दांड्यानं घासा, म्हणजे कड सारखी बसते. वाळवायचा सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, दोन दिवस. गच्चीवरच्या उन्हात ठेवला तर चामडं पापडासारखं होतं आणि वाकवल्यावर तडकतं.

हा जोडा मातीवर, गवतावर, लाकडी रंगमंचावर चालण्यासाठी आहे. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत डांबरावर तीन-चार किलोमीटर चालवलात तर एकेरी तळ झपाट्यानं झिजतो. त्याला रबर चिकटवू नका. जुने लोक करत तेच करा: पुढे आणि टाचेखाली चामड्याचे वेगळे तुकडे तळाच्या कडेला शिवून टाका आणि झिजले की बदला. लंडनच्या गाळात सापडलेल्या पुष्कळ जोड्यांना अशी ठिगळं आहेत. चिखलासाठी ते लोक जोड्याखाली पट्ट्यानं बांधायची लाकडी पादुका वापरत. इंग्लंडमधलं मेरी रोझ जहाज १५४५ मध्ये बुडालं, त्यातून शेकडो जोडे निघाले. आकार बघायचा असेल तर त्यांची छायाचित्रं कुठल्याही चित्रपटापेक्षा भरवशाची.

बाकीच्या सामानाबद्दल थोडक्यात. धातूच्या कडीची भोकं, म्हणजे आयलेट, एकोणिसाव्या शतकातली, त्याआधी भोक दोऱ्यानं गुंफत. स्टीलचं चकचकीत बक्कल नको, पितळ घ्या आणि ते चिंचेनं घासून चकचकीत न करता मंदच राहू द्या. पायावरचे घट्ट मोजे लोकरी कापडाचे आणि तिरक्या कापाचे हवेत. सरळ कापले तर गुडघ्यावर बसत नाहीत आणि बसताना फाटतात. ब्लेझरचं कापड घेताना एक धागा ओढून जाळा. लोकर केसासारखी वास देत विझते, पॉलिस्टरचा गोळा वितळतो. आतला सदरा लिननचा. ठाण्याच्या मार्चमध्ये त्याचा आधार वाटतो, तो घाम शोषतो आणि पटकन वाळतो. टोप घेतलात तर आतून शिवलेली कापसाची गादी लावल्याशिवाय डोक्यावर ठेवू नका. नुसता पत्रा उन्हात तापतो आणि पडल्यावर डोक्यालाच लागतो.

तलवारीबाबत हयगय नको. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र नियम २०१६ च्या पाचव्या वर्गात शस्त्र म्हणून येतं. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्र बाळगण्यावर बंदीचे आदेश शहरात वेळोवेळी निघतात. यात्रेच्या किंवा प्रयोगाच्या आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवून परवानगीची प्रत बरोबर ठेवा. मिरवणुकीसाठी लाकडी पातं पुरतं. रंगमंचावर धातूचंच हवं असेल तर कड दोन मिलिमीटर जाड आणि टोक गोल.

आणि जून लागण्याआधी जोडे आवरून ठेवा. आपल्या खाडीकाठच्या हवेत व्हेज टॅनवर आठवड्यात हिरवट बुरशी चढते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलात तर त्याहून लवकर. आत वर्तमानपत्राचे बोळे, बाहेर सुती पिशवी आणि कपाटाचं दार दर दोन-तीन दिवसांनी उघडं. बुरशी आलीच तर व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून त्या फडक्यानं पुसा, वाऱ्यावर वाळवा आणि मगच चरबी-मेणाचा हात फिरवा. ओल्या चामड्यावर मेण लावलं तर ओल आतच कोंडते आणि दोरा कुजतो.