कमी पैशात रीफ टँक, तोही बडोद्यात

रीफ टँक म्हणजे पोवळी आणि समुद्री मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक. तो करतोय असं सांगितलं की बडोद्यात हमखास एकच सल्ला मिळतो, मीठ कशाला विकत घेतोस, समुद्र काय लांब आहे का, कावी-कंबोईला जा आणि चार कॅन भरून आण. आमचे काका तर गाडी काढायला तयारच होते, येता येता स्तंभेश्वराचं दर्शनही होईल म्हणाले. आता ज्यांनी ते देऊळ भरतीत बुडताना पाहिलंय त्यांना तिथलं पाणी माहितीये, दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं असतं. खंभातच्या आखातात मही, साबरमती, नर्मदा, तापी सगळ्या आपापला गाळ आणून ओततात, वरून भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी दहा मीटरच्या आसपास, म्हणजे गाळाला खाली बसायला फुरसतच नाही, आणि एवढ्या नद्या मिळतात म्हटल्यावर पाण्याचा खारेपणाही कायम वरखाली. गुजरातेत पोवळी आहेत, नाही असं नाही, पण ती पार कच्छच्या आखातात, जामनगरकडे, तिथे १९८२ मध्ये मरीन नॅशनल पार्क झालं आणि नराराला ओहोटीत चालत चालत ती बघता येतात. बघायची फक्त, तिथून खडासुद्धा उचलायचा नाही.

तर मीठ विकतच. आणि खरं सांगायचं तर मीठ एवढं महाग पडतच नाही, लोक उगाच घाबरतात. माझा टँक जुनाच, २४ बाय १५ बाय १५ इंच, ज्यात आधी प्लांटेड, म्हणजे गोड्या पाण्यातल्या झाडांचा सेटअप होता. काठोकाठ भरला तर ८८ लिटर, दगड-वाळू वजा जाता धरा ७०. एका लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम रीफ सॉल्ट लागतं म्हणजे पहिल्या भरणीला अडीच-पावणेतीन किलो, आणि नंतर दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की ७ लिटर, म्हणजे पाव किलो मीठ. पाव किलो! एवढ्यात आमच्याकडे पाहुण्यांसाठी लीलो चेवडो येतो आणि तोही पुरत नाही. फक्त घरातलं आयोडीनवालं मीठ किंवा सैंधव चालेल का असं विचारू नका, समुद्रात मिठाबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट सगळं ठराविक प्रमाणात असतं आणि पोवळ्यांना तेच हवं असतं.

पैसे जातात ते पाण्यात. म्हणजे साध्या, गोड्या पाण्यात. हे गोड्या पाण्याचे मासे पाळणाऱ्या माणसाला लवकर पटत नाही कारण आपण वर्षानुवर्षं नळाचं पाणी, दोन थेंब अँटीक्लोरीन आणि चलो. आमच्या सोसायटीत बोअर, टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर घातला की आठशेच्या पुढे आकडा, गप्पींना त्यात मजा येते पण रीफमध्ये तेच पाणी घातलं तर नायट्रेट, सिलिकेट, फॉस्फेट काय काय बरोबर येणार आणि मग काचेवर तपकिरी शेवाळ, वाळूवर तपकिरी शेवाळ, सगळीकडे शेवाळ. घरच्या आरओचं पाणी चालतं का, तर अर्धवट. प्यायच्या आरओत मेंब्रेननंतर मिनरल कार्ट्रिज असतं, जे काढलं ते परत घालतं. मी आरओवाल्या भाऊला बोलावून मेंब्रेनच्या लगेच पुढे एक टी बसवून घेतली, तिथून वेगळी नळी, त्या नळीला डीआय रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार ओढून घेणाऱ्या दाण्यांची, एक पारदर्शक नळकांडी. टीडीएस मेंब्रेननंतर ५०-६०, रेझिननंतर ०. त्या भाऊला वाटलं मी बॅटरीचं दुकान काढतोय. वाया जाणारं पाणी बादलीत, त्याने फरशी पुसली जाते, आईची त्याबद्दल काही तक्रार नाही.

अजून एक, एसीतून गळणारं पाणी गोळा करून वापर, ते तर डिस्टिल्डच असतं, असं सांगणारेही भेटतात. ते पाणी तांब्याच्या कॉइलवरून येतं. तांबं म्हणजे गोगलगाय, कोळंबी, पोवळी या मंडळींना विष. त्याच कारणाने जुना टँक वापरायचा असेल तर आठवून बघा की त्यात कधी माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध घातलं होतं का, घातलं असेल तर तो टँक गोड्या पाण्यालाच ठेवा.

जुन्या सेटअपमधून काय कामाला आलं तर काच, स्टँड, हीटर, आणि झाडांसाठीचा सीओटू सिलिंडर. सिलिंडर कामाला आला म्हणजे विकला. रेग्युलेटरसकट तो आणि झाडं गेली आणि त्यातून लाईट आला, सेकंडहँड, निळा जास्त आणि पांढरा कमी असा, कारण पोवळ्यांच्या अंगात जे सूक्ष्म शेवाळ राहतं त्याला निळा उजेड जास्त उपयोगी पडतो. कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर, मात्र माळ्यावर गेला, रीफमध्ये तो दर आठवड्याला उघडून धुतला नाही तर नुसता नायट्रेट बनवत बसतो. फिल्टरचं काम दगड (म्हणजे त्यांवर राहणारे बॅक्टेरिया) करतात, त्यावरून पाणी फिरवायला एक वेव्हमेकर, म्हणजे पाणी ढकलणारा छोटा पंप. हौसेपोटी दगडही घरीच केले, सिमेंट आणि शिंपल्यांचा चुरा, ओल्या वाळूत खड्डे करून ओतले. फक्त ते लगेच टाकता येत नाहीत, सिमेंटमुळे पीएच पार वर जातो, म्हणून गच्चीवर ड्रममध्ये पाणी बदलत बदलत पडून राहिले चांगले दोन महिने, आजी विचारायची हे दगड कधी शिजणार.

मग सायकल, म्हणजे मासे घालायच्या आधी टँकमध्ये कामाचे बॅक्टेरिया तयार करणं. इथे गोड्या पाण्याचा अनुभव जसाच्या तसा चालतो, अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, तेच बॅक्टेरियाचं काम, फक्त बॅक्टेरिया खाऱ्या पाण्यातले. परदेशातले लोक कोळंबीचा तुकडा टाकून सडवतात. आमच्या घरात कोळंबी आणून वर ती सडू द्यायची म्हणजे मी टँकसकट बाहेर. म्हणून अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाले वापरतात तो. कल्हईचा घेऊ नका, त्यात काय मिसळलंय कोण जाणे, लॅब केमिकलच्या दुकानात शुद्ध मिळतो आणि लागतो किती, ७० लिटरला अमोनिया २ पीपीएमवर (लिटरमागे २ मिलिग्रॅम) न्यायला साधारण ४४० मिलिग्रॅम, अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. छोट्यात छोटी बाटली घेतली तरी नातवंडांना पुरेल.

आता मुख्य भीती, उन्हाळा. बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो आणि रीफला हवं २५-२६. चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र, घ्यायचा तर माझ्या बाकी सगळ्या सामानाएवढे पैसे एकट्या चिलरला, आणि बिल वेगळं. त्याऐवजी काचेच्या वर दोन कॉम्प्युटरचे पंखे पाण्यावर वारा मारत. मे मध्ये हवा कोरडी असते म्हणून हे भारी चालतं, तीनेक डिग्री सहज उतरतात, वर खोलीला दुपारचा एसी असला की काम झालं. गंमत अशी की जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर ३३ च असतं पण हवेत ओल एवढी की बाष्पीभवनच होत नाही आणि पंखे नुसते फिरत बसतात. म्हणजे माझ्या टँकचा खरा उन्हाळा पावसाळ्यात.

आणि पंखा लावला की पाणी उडतं, पण मीठ उडत नाही. ७० लिटरमधलं २ लिटर उडालं की खारेपणा दर हजारी ३५ चा ३६ झाला. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्या नाही, हे ऐकून प्रत्येकजण दोनदा विचारतो. ऑटो टॉपअप मिळतात, पण आमच्याकडे बाबा आहेत. काचेवर मार्करने रेघ मारलीये, सकाळी चहा झाला की आणि संध्याकाळी बातम्यांच्या आधी ते रेघेपर्यंत भरतात, आणि मी एखाद दिवस भरलं तर "तू आज रेघेच्या वर गेलास" असं ऐकवतात. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं साधन, मात्र नीट घ्या. दीड-दोन हजार जास्त वाटतात पण प्लॅस्टिकच्या हायड्रोमीटरच्या काट्यावर बुडबुडा बसला की तो काहीही सांगतो. आणि रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या कॅलिब्रेशन फ्लुइडवर लावून घ्यायचा, नुसत्या शून्यावर नाही.

पोवळ्यांबद्दल आपल्याकडे कायद्यानेच बजेट ठरवून दिलंय. दगडी पोवळी, म्हणजे ज्यांचा सांगाडा चुन्याचा असतो ती सगळी, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहेत, वाघ आहे त्याच यादीत. सी फॅन, काळी पोवळी, समुद्रघोडे, सी ककंबर यांनाही त्याच कायद्याचं संरक्षण आहे. मेलेल्या पोवळ्याचा तुकडा लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया वसलेला समुद्रातला दगड) म्हणून कोणी देत असेल तर तोही नको. आणि हीच दगडी पोवळी सगळ्यात खर्चिक, त्यांना कॅल्शियमचं डोसिंग, जबरदस्त लाईट, सगळं काट्यावर. उरतात ती मऊ पोवळी, झोआंथिड, मशरूम, लेदर, ग्रीन स्टार पॉलिप, जी आठवड्याच्या पाणीबदलावर आणि साध्या लाईटवर खुशाल वाढतात आणि हौशी लोक एकमेकांना तुकडे देतात. मी पण तसेच घेतले, दुकानातून नाही. झोआंथिडचा पहिला तुकडा दोन पॉलिपांचा, म्हणजे फुलासारख्या दोन जिवांचा होता, उघडला की मध्ये हिरवा ठिपका आणि भोवती केशरी झालर, लाईट गेला की मिटून शर्टाच्या बटनाएवढा. एक सांगून ठेवतो, झोआंथिडमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं, अत्यंत जहाल, तेव्हा कापताना हातमोजे आणि चष्मा, आणि तो दगड साफ करायला उकळत्या पाण्यात टाकायचा विचारही करू नका, वाफेनेसुद्धा लोक हॉस्पिटलात गेलेत.

मासे थोडेच ठेवलेत. पहिली आत गेली ती जुन्या टँकमधली काळी मॉली, हो, मॉली खाऱ्या पाण्यात राहते, फक्त ड्रिपने, म्हणजे थेंब थेंब खारं पाणी सोडत, हळूहळू तासन्‌तास सवय करून न्यायची. दिवसभर दगडावरचं केसाळ शेवाळ ओरबाडत असते, फुकटची कामवाली. मग क्लाऊनफिशची जोडी, पण हॅचरीतली. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशचं प्रजनन आपल्याकडे कधीच जमवलंय, त्यामुळे समुद्रातून पकडलेली घ्यायची गरज नाही, आणि हॅचरीतली पिल्लं घरी आणल्याच्या पहिल्या दिवसापासून दाणे खातात. दोन लहान घेतली की झालं, सगळे नर जन्माला येतात, जो दांडगा निघतो त्याची मादी होते. आजीला हे सांगितलं तर म्हणाली बरं आहे, स्थळं शोधायला नकोत.

आणि लाईट जाणं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या गल्लीत पाणी शिरलं नाही पण लाईट गेली ती गेलीच. गोड्या पाण्याच्या टँकला असं झालं तर आपण एवढं मनावर घेत नाही, पण खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो आणि पाणी गरम झालं की आणखी कमी, वेव्हमेकर बंद पडला की घड्याळ सुरू. यूएसबीवर चालणारा एअर पंप, चार-पाचशे रुपयांचा, आणि घरातल्या सगळ्या पॉवर बँका, एवढ्यावर निभावलं. खाणं पूर्ण बंद ठेवलं. शेजारी मोबाईल चार्ज करायला पॉवर बँक मागायला आले तर बाबांनी त्यांना टँककडे बोट दाखवलं.

एकूण हिशोब पंचवीस हजारांच्या आत बसला, सिलिंडर विकलेले पैसे वजा करून. आता घरातून निळ्या सर्जनफिशची मागणी आहे, ती पिवळ्या शेपटीची. तिची फूटभर लांबी होते, तिला सहा फुटी टँक लागतो, आणि सहा फुटी टँक हॉलमध्ये फक्त सोफ्याच्या जागी बसतो. सोफा बाबांचा आहे.