नाव सुचवणारे कोणी हवे

यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवताना एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. विद्यार्थ्याला गुणांबद्दल शाबासकी मिळते, स्पर्धेतल्या क्रमांकाबद्दल मिळते. परंतु त्याने स्वतः शोधून काढलेल्या एखाद्या लहानशा गोष्टीची दखल घेण्याची रीत आपल्याकडे जवळजवळ नाहीच. म्हणूनच अमेरिकेत कीटकशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीला सिग्मा झाय या संशोधकांचा सन्मान करणाऱ्या संस्थेच्या तिच्या विद्यापीठातील शाखेने सहयोगी सदस्यत्व दिल्याचे कळले, तेव्हा तिच्या अभिनंदनाबरोबरच या संस्थेविषयी लिहावेसे वाटले.

सिग्मा झायची स्थापना १८८६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात झाली. अभियांत्रिकीचे काही तरुण आणि भूशास्त्राचे प्राध्यापक हेन्री शेलर विल्यम्स हे तिच्या उभारणीत होते. विद्याशाखांतील गुणवंतांसाठी फाय बीटा कप्पा ही संस्था १७७६ पासून होतीच. मात्र विज्ञान आणि अभियांत्रिकीत मूळ संशोधन करणाऱ्यांचा सन्मान करणारी संस्था नव्हती. ती उणीव सिग्मा झायने भरून काढली आणि स्थापनेनंतर दोनच वर्षांत स्त्रियांनाही सदस्यत्व दिले, हे मला विशेष मोलाचे वाटते. आज तिचे मुख्यालय नॉर्थ कॅरोलायनात आहे, ‘अमेरिकन सायंटिस्ट’ हे नियतकालिकही ती चालवते. परंतु तिचा खरा जीव विद्यापीठांतील शाखांमध्ये आहे.

शाखेचे काम दिसायला साधे असते. सदस्य नावे सुचवतात, समिती त्या व्यक्तीचे काम तपासते, नव्या सदस्यांना समारंभपूर्वक सामावून घेतले जाते, व्याख्याने होतात, विद्यार्थ्यांच्या संशोधनाची भित्तिपत्रके मांडली जातात. ज्याने उल्लेखनीय मूळ संशोधन सिद्ध केले आहे तो पूर्ण सदस्य होतो, आणि ज्याच्या सुरुवातीच्या कामातून तशी क्षमता दिसते तो सहयोगी सदस्य. ही दुसरी पायरी मला फार महत्त्वाची वाटते, कारण पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना नेमकी तेव्हाच कोणीतरी पाठ थोपटण्याची गरज असते. संस्था १९२२ पासून विद्यार्थ्यांना संशोधनासाठी लहान अनुदानेही देत आली आहे.

आमच्या या विद्यार्थिनीचे पहिले संशोधन पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतातले होते. पदवीच्या वर्षात तिने वडिलांच्या शेतात कपाशीची बोंडे पोखरणाऱ्या गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावले आणि रोज सकाळी पिशवीत अडकलेले नर पतंग मोजून वहीत लिहिले. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग आले की उपाय सुरू करावा, ही मर्यादा तिला पुस्तकातून ठाऊक होती. घराजवळ सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या) ढिगालगतचा सापळा शेतातल्या इतर सापळ्यांच्या आधी भरतो, हे मात्र तिच्या वहीने तिला दाखवले. सुप्त अळ्या अशा ढिगात तग धरतात हे शास्त्राला नवे नव्हते. पण स्वतःच्या अंगणातला पुरावा पाहिल्यावर, ‘‘हे पाखरं मोजून काय भेटते?’’ असे विचारणाऱ्या तिच्या वडिलांनी पुढच्या उन्हाळ्यात तो ढीग उचलला. त्या वहीवर तेव्हा ना कोणी शेरा लिहिला, ना कुठे तिचे नाव सुचवले.

आपल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा चांगली आहे आणि आमची मुले तीत भागही घेतात. परंतु स्पर्धेत क्रमांक मोजकेच असतात. शाखेच्या सन्मानात कोणाला मागे टाकावे लागत नाही, फक्त काम अस्सल असावे लागते आणि ते जाणणाऱ्या माणसाने आपल्या सहीनिशी तसे म्हणावे लागते. ही जबाबदारी शिक्षकांवर येते, म्हणूनच ती मला अधिक पटते.

यंदाच्या खरिपापासून शेजारच्या दोन महाविद्यालयांतील सहकाऱ्यांसह आम्ही असे एक मंडळ सुरू करत आहोत. सिग्मा झायशी त्याचा औपचारिक संबंध नसेल. विद्यार्थ्याचे नाव सुचवणाऱ्या शिक्षकाने त्याची नोंदवही पूर्ण वाचलेली आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिलेली असावी, एवढी एकच अट आम्ही घातली आहे. सापळे, त्यांतल्या गंधाच्या गोळ्या (ल्यूर) आणि वह्यांचा खर्च शिक्षकांच्या वर्गणीतून होईल.