बी म्हणजे उंट नव्हे

जर्मनीतल्या आमच्या माग्डेबुर्गपासून हाल्बरश्टाट रेल्वेने तासाभरावर. तिथून सायकली काढल्या आणि मी नि माझी दहा वर्षांची लेक श्ट्रोबेकच्या वाटेला लागलो. मे महिना, दोन्ही बाजूंना रेप या तेलबियांच्या पिकाची शेतं, मोहरीसारखी पिवळीधमक. दक्षिणेला हार्त्सचे डोंगर आणि त्यांत ब्रोकेनचा 1141 मीटरचा गोल माथा. खिशात एक चुरगळलेला कागद होता. त्यावर सहा आकडे.

आम्ही निघालो होतो जिओकॅशिंगला, म्हणजे कुणीतरी लपवलेली डबी जीपीएसच्या मदतीने शोधायच्या खेळाला. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम मिसळली जाणारी चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये एकाने रानात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिथून हा खेळ जगभर पसरला. त्यातला मला आवडणारा प्रकार कोड्यांचा, म्हणजे नकाशावर निळं प्रश्नचिन्ह असलेला. तिथे दिलेली जागा खोटी असते, खरी जागा कोडं सुटल्याशिवाय हाती लागत नाही. या वेळी बुद्धिबळाची सहा कोडी होती. प्रत्येकाचं उत्तर एक आकडा, तीन आकडे उत्तरेचे आणि तीन पूर्वेचे.

बुद्धिबळाची कोडी लपवायला श्ट्रोबेकहून योग्य गाव नाही. आख्यायिका अशी की 1011 साली हाल्बरश्टाटच्या बिशपकडे एक सरदार कैदी म्हणून आला आणि त्याला या गावातल्या बुरुजात ठेवलं. पहाऱ्याला गावातले शेतकरी, पाळीपाळीने. वेळ जाईना म्हणून कैद्याने सोंगट्या कोरल्या आणि त्या शेतकऱ्यांनाच खेळ शिकवला. 1651 मध्ये ब्रांडेनबुर्गचा शासक फ्रीडरिख विल्हेल्म याने गावाला एक पट भेट दिला, एका बाजूला नेहमीचा आणि दुसऱ्या बाजूला बारा घरं रुंद असा कुरियर बुद्धिबळाचा, म्हणजे या खेळाच्या एका जुन्या प्रकाराचा. 1823 पासून शाळेत हा विषयच आहे. बाहेरगावच्या नवऱ्यामुलाला गावच्या मुखियाशी डाव मांडावा लागे आणि हरला तर दंड भरावा लागे, अशीही प्रथा होती म्हणतात. मी सांगलीची, नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांना अण्णांचं बोट धरून जाणारी. अख्खं गाव पटाभोवती वाढलेलं असू शकतं, हे वाचलं तेव्हापासून इथे यायचंच होतं.

सहापैकी पाच कोड्यांना पटाची चित्रं होती, ती मी दोन संध्याकाळी सोडवली. सहाव्याला चित्र नव्हतं, नुसतं लिहिलेलं होतं: पांढरा के एच 8, बी सी 6. काळा के ए 6, बी एच 5. पांढऱ्याची चाल, बरोबरी साधा. तिसऱ्या चालीनंतर पांढरा राजा कोणत्या रांगेत?

के म्हणजे राजा, बी म्हणजे उंट, असं मी इंग्रजी पुस्तकांतून शिकले. पुढचं अक्षर म्हणजे पटाचा उभा स्तंभ आणि आकडा म्हणजे आडवी रांग. एच 5 वर काळ्याचा उंट असेल तर कोडंच उरत नाही, म्हणून ते मी आपसूक प्यादं धरलं आणि सी 6 वर मात्र उंट ठेवला. मग तो उंट तिरक्या रेषेत थेट एच 1 पर्यंत पाहतो. काळ्याचं प्यादं वजीर होणारच नाही, राजाला कोपऱ्यातून हलायचं कारणही नाही. आकडा लिहिला 8. एकाच ओळीतल्या दोन बींचे मी दोन अर्थ लावले, आणि तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

फोनवरचा बाण आम्हाला गावाबाहेर उत्तरेला घेऊन गेला आणि मातीच्या वाटेवरून थेट उभ्या रेपमध्ये शिरायला सांगू लागला. खांब नाही, झाड नाही, दगड नाही. कुणाच्या पिकात पाय घालायला लावणारी जागा कुठलाही जाणता माणूस निवडणार नाही. आम्ही परत फिरलो.

गावाच्या चौकात जमिनीवर मोठा पट आहे. त्याच्या काठावर बसून मी कागदावर घरं आखली आणि ती ओळ मोठ्याने वाचली. लेक माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, “आई, बी म्हणजे बाऊअर ना? उंटाला तर एल लिहितात, लॉयफर.”

बाऊअर. शेतकरी. जर्मनीत प्याद्याला शेतकरी म्हणतात. तिच्या शाळेतल्या बुद्धिबळाच्या वर्गात ती हेच ऐकत आली होती, आणि घरी माझ्याशी खेळताना बिनचूक ‘प्यादं’ म्हणायची. बुरुजाच्या पहाऱ्याला होते तेही बाऊअरच.

सी 6 वर प्यादं ठेवल्याबरोबर ती मांडणी ओळखीची झाली. बुद्धिबळपटू रिखार्ड रेती यांची 1921 ची रचना! पांढरा राजा कोपऱ्यात, काळं प्यादं दोन घरं पुढे निसटलेलं, स्वतःचं प्यादं दूर आणि काळ्या राजाच्या तावडीत. एकाच्या मागे धावलं तर उशीर, दुसऱ्याला वाचवायला गेलं तरी उशीर. राजा दोन्ही कामं एकदम करतो: जी 7, एफ 6, ई 5, तिरका उतरत. पटावर तिरकी वाट सरळ वाटेहून लांब नसते, एका चालीला एकच घर. ई 5 वर आल्यावर काळ्याने सी 6 चं प्यादं मारलं तर राजा एफ 4 वर जाऊन एचचं प्यादं पकडतो. नाही मारलं तर डी 6 वर जाऊन आपल्या प्याद्याला वर चढवतो, आणि दोघांचे वजीर होतात. लेकीला हे तीनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा तिनेच राजा चालवला.

म्हणजे आकडा 5. उत्तरेच्या मिनिटांतला पहिला दशांश होता तो, एका अंकाला साधारण 185 मीटर. तीन अंकांची चूक म्हणजे साडेपाचशे मीटर, बरोबर त्या शेतापर्यंत.

डबी कुठे मिळाली ते सांगणार नाही, पुढच्याची मजा जाईल. जुन्या फोटोच्या रिळाची काळी डबी, आत कागदाची घट्ट गुंडाळलेली पट्टी, कडा ओलसर. नखाने हळूच उलगडली. तारीख घातली, दोघींची नावं लिहिली, आणि शेजारी लेकीने एक छोटं प्यादं काढलं. पट्टी होती तशी गुंडाळून डबी जागेवर ठेवली.

सायकलींचं कुलूप काढण्याआधी सांगलीला फोन लावला. तिकडे साडेसात वाजले होते.

“अण्णा, पांढरा राजा एच 8, प्यादं सी 6,” मी सुरुवात केली.

“थांब गं,” ते म्हणाले, “पट घेतो.” आणि मग पलीकडून लाकडी सोंगट्या पेटीतून ओतल्याचा आवाज आला.