दोन सीटचं नॅट

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. प्रत्येक प्रदर्शनानंतर कुणीतरी विचारतंच: लोकांच्या मॉडेलमधल्या चुका का काढता? प्लॅस्टिकचं विमान ते, पोरं हौसेनं करतात, एवढं बारीक कोण बघतंय?

मी बघतो. ज्यानं रात्र रात्र जागून कॅनॉपीच्या, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाच्या, चौकटी रंगवल्यात, त्यालाही कुणीतरी बारीक बघावं असंच वाटत असतं. आणि विचारल्याशिवाय मी कुणाच्या टेबलापाशी जाऊन बोलत नाही, हेही एकदा सांगून ठेवतो.

रंगांवरून पूर्वी मी फार भांडायचो. हिरवा जरा पिवळसर दिसला की बोललोच. आता तसं बोलवत नाही. १९६५ आणि १९७१ च्या लढायांत आपल्या कितीतरी चकचकीत, बिनरंगी विमानांवर तळावरच घाईघाईनं कॅमोफ्लाज चढवला गेला, जिथं जो रंग हाताशी आला तो. फोटो बहुतेक कृष्णधवल. अशा ठिकाणी रंगाच्या डबीचा नंबर सांगून कुणाला खोटं पाडणार? खुणांचं मात्र तसं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या आपल्या स्पिटफायर विमानावर वायुसेनेच्या गोल खुणेत लाल ठिपका रंगवला तर ती चूकच. जपानी विमान समजून आपल्याच तोफा चालू नयेत म्हणून तो लाल काढून टाकला होता.

पण तुम्ही विचारता ते त्या नॅटबद्दल, वायुसेनेच्या त्या छोट्या लढाऊ विमानाच्या मॉडेलबद्दल, हे मला कळतं.

कोल्हापुरात दसरा चौकात, शाहू स्मारकात प्रदर्शन होतं. शिरोळकडचा कॉलेजातला पोरगा, वडील फौजेतून निवृत्त, शेजारीच उभे. १:७२ मापाचं नॅट, तळहातावर मावेल एवढं. पुट्टी अशी घासलेली की सांधा कुठं दिसत नव्हता. खुणांच्या चिकटचित्राखाली, डिकलखाली, हवेचा एक बुडबुडा नाही. पुढं पाटी: फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों, परमवीर चक्र.

"काका, कसं झालंय सांगा की. खरंखरं सांगा."

कॅनॉपीखाली दोन सीटा होत्या.

सहज मिळतो तो किट ब्रिटिश हवाई कसरतींचं पथक रेड ॲरोज पूर्वी उडवायचं त्या दोन सीटच्या ट्रेनर नॅटचा. त्याचे पंखही मोठे; या मापात फरक जेमतेम आठ मिलिमीटरचा. ते आठ मिलिमीटर मी सोडून दिले असते. सीट सोडवली नाही. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना सेखों उडाले. सोबत उडालेल्या नॅटशी चुकामूक झाली, आणि पाकिस्तानच्या सहा सेबर विमानांच्या त्या हल्ल्याला ते एकटे भिडले. परत आले नाहीत. मागं कुणी बसलेलं नव्हतं. त्या पाटीमागं दुसरी सीट असली, तर त्यांनी काय केलं तेच पुसलं जातं.

आधी कामाचं कौतुक केलं, मग हळू आवाजात हे सांगितलं. तरी पोराचा चेहरा उतरला. वडील म्हणाले, "साहेब, माझ्यासाठी केलंय त्यानं." मला उत्तर सुचलं नाही. पोरानं पाटी उचलून खिशात घातली. विमान टेबलावर तसंच राहिलं.

माझा एक मित्र तेव्हापासून ऐकवतोय: बापासमोर कशाला बोललास? वडील बाजूला जाईपर्यंत दम धरवला नाही? मी म्हणतो, त्यानं विचारलं तेव्हाच सांगायला हवं होतं. नाहीतर दुसऱ्या कुणीतरी चारचौघांत हसून सांगितलं असतं. मित्र म्हणतो, पोरगा पुन्हा प्रदर्शनाला आला नाही, त्याचं काय? खरंय, आला नाही. वडिलांचं बोलणं आठवलं की वाटतं, थांबायला हवं होतं. पाटीवरचं नाव आठवलं की वाटतं, थांबून कसं चाललं असतं?

आता कुणी विमान पुढं केलं की मी आधी विचारतो, कुणाचं, कुठल्या दिवशीचं. "असंच, आवडलं म्हणून" असं उत्तर आलं, तर जांभळं रंगवा, माझी तक्रार नाही. नाव आणि तारीख सांगितलीत, तर मी सीटा मोजणार.