चौथा बंद

दुपारी मंडईत जायला निघाले तर लिफ्टमध्ये शेजारच्या वहिनी भेटल्या. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, एका बाजूचा बंद उसवत आलेला. दिवाळीत मी त्यांना खणाची पिशवी शिवून दिली होती. आतून मांजरपाटाचं अस्तर, तळाला कोपरे मारून बसती केलेली, चार किलो कांदे घेऊन आपली आपण उभी राहील अशी. मी कुठे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं असावं. म्हणाल्या, "अहो, तुमची कपाटात जपून ठेवलीय. इतकी छान पिशवी भाजीला कशी न्यायची?"

२०१८ साली प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून मी पिशव्या शिवत सुटले आहे. जुन्या जीन्सच्या, पडद्यांच्या, ब्लाउजपीसांच्या. वाढदिवस असो, वास्तुशांत असो, माझ्याकडून पिशवी. माझ्या हिशेबानं साठेक पिशव्या पुण्यातल्या निरनिराळ्या कपाटांत डांबरगोळ्यांशेजारी झोपल्या असतील. भाजीवाल्यापुढे मात्र एकही दिसत नाही. मध्यंतरी मुद्दाम टीप जरा वाकडी मारून पाहिली. तरी जपून ठेवतात.

झबल्याचं त्या मानानं बरं. ते जपून ठेवायला बाळ थांबत नाही. दोन महिन्यांत मुंढ्यात दाटतं, की झालं, पुढच्या बाळाकडे रवाना.

आमच्या सांगलीच्या घरी आईचं पायमशीन माजघरात खिडकीशी होतं. मागचं आवरलं की दुपारी दोन ते चार त्याची खडखड. तिचे नियम कडक. कात्रीनं कागद कापायचा नाही. रिकामी कात्री वाजवायची नाही, घरात भांडणं होतात. (भांडणं आमच्याकडे व्हायचीच, पण ती कात्री कुणी हलवली यावरून.) नात्यात, आळीत कुणाचे दिवस भरत आले की बाळंतविड्यातले कपडे आमच्याकडे. झबली, टोपडी, दुपटी, एक कुंची. झबल्याला मलमल, भिजवून खळ काढलेली. कुंचीला गुळेदगुडचा खण, दुकानातून तो त्रिकोणी घडीत यायचा आणि ती घडी मोडायला मला जिवावर यायचं. दुपट्याला मात्र नवं कापड चालायचं नाही. तिथे आजोबांचं विरायला आलेलं धोतर. झबल्याच्या शिवणी आई बाहेरून ठेवायची, बाळाच्या अंगाला दोरा टोचू नये म्हणून. एकदा एका काकूंनी विचारलं, "हे उलटं शिवलंय का हो?" आई म्हणाली, "बाळाच्या बाजूनं सुलटंच आहे."

माझ्याकडे एकच काम, बंद उलटवायचं. करंगळीहून बारीक पट्टी, उलटी दुमडून टीप मारलेली. टोकाला सेफ्टी पिन अडकवायची, ती त्या नळीत आत सारायची आणि वरून चाचपत पुढे ढकलायची. कापड पिनेवर गोळा होतं. ते मागे ओढायचं, पुन्हा ढकलायचं. निम्म्यात कधी पिन आतल्या आत उघडते, मग ती ना पुढे ना मागे. पण एकदा का दुसऱ्या टोकाशी पिनेचं डोकं चमकलं, की उरलेला बंद सुळकन बाहेर येतो, गोल, गुळगुळीत. बोटांच्या घामानं किंचित ओलसर. तेवढ्या एका क्षणासाठी मी दुपारची झोप सोडत असे.

एका बंदाला पाच पैसे. झबल्याला मागे बांधायच्या बंदांच्या दोन जोड्या, म्हणजे वीस पैसे व्हायला हवेत. हातात पडायचे पंधरा. कारण चौथा बंद आई लावायचीच नाही. बाळ यायच्या आधी त्याची तयारी करू नये, असं तेव्हा बहुतेक घरांतून म्हणत. पण आधी शिवल्याशिवाय वेळेवर होणार कसं? तेव्हा तिनं काढलेली ही पळवाट. तीन बंदांचं झबलं म्हणजे झबलं नव्हेच. तार आली, निरोप आला, की रात्रीसुद्धा मशीनवर बसायची आणि मला हलवायची, "ऊठ गं, बंद उलटव."

एका उन्हाळ्यात चार झबली तशीच राहिली, तीन-तीन बंदांची. निरोप आला होता. मला कुणी उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी आईनं मशीनवर झाकण घातलं ते बरेच दिवस काढलं नाही. ती झबली तिनं कुणाला दिली नाहीत, फडक्यालाही घेतली नाहीत. माझे वीस पैसे मी मागितले नाहीत.

भाचीला डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिलीय. आता सगळं आधीच दिसतं. "मावशी, हे बघ नाक," म्हणून सोनोग्राफीचा फोटो पाठवते. मला त्यात नाक दिसत नाही, पण "अगदी तुझ्यासारखं" असं कळवते. पाळण्यावर गोल फिरणारे हत्तीसुद्धा तिनं मागवून ठेवलेत. मी आपली झबली शिवलीत. तुळशीबागेतून लेस आणली होती, ती लावली नाही, टोचते.

काल तिनं झबल्यांचा फोटो मागितला. पलंगावर चारी मांडून पाठवला. लगेच फोन.

"मावशी, चारीला एकेक बंद कमी आहे गं."

"हो गं," म्हटलं, "रीळ संपलंय."