तुम्ही विचारलंत म्हणून: त्या गर्दीत कशाला जातेस?

"इतकी वर्षं डोंबिवली-दादर लटकून गेलीस, तरी गर्दीची हौस फिटली नाही?" मी कॉमिकेटला निघाले की फोनवर हा प्रश्न ठरलेला. आता इथले, तोक्योतल्या निशी-कासाईतले मराठी शेजारीही विचारायला लागलेत. तर एकदाच सांगून टाकते.

कॉमिकेट म्हणजे हौशी मंडळींनी पदरचे पैसे घालून छापलेल्या पुस्तिकांचा बाजार. मुख्यतः मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. १९७५च्या डिसेंबरात तोक्योत पुस्तिका काढणारे ३२ गट आणि सातशेच्या आसपास माणसं, एवढ्यावर सुरू झाला. २०१९च्या उन्हाळ्यात चार दिवसांत सुमारे ७ लाख ३० हजार लोक आले. भरतो वर्षातून दोनदा, ऑगस्टात आणि डिसेंबरअखेर, तोक्यो बिग साइट या प्रदर्शन केंद्रात. शिन-किबाहून रिंकाई लाइनचं दुसरंच स्टेशन.

ऑगस्टात मी जात नाही. तापलेल्या डांबरावर तासन्‌तास उभं राहण्याइतकं माझं कशावरच प्रेम नाही. डिसेंबरात खाडीवरचा वारा हाडात शिरतो, पण खिशात ऊब देणाऱ्या पुड्या ठेवल्या की निभतं.

गर्दीचं म्हणाल, तर नावाजलेल्या गटाची रांग दालनाबाहेर वळसे घेत जाते आणि तिचं शेपूट सापडता सापडत नाही. म्हणून शेवटचा माणूस 'रांग इथे संपते' अशी पाटी धरून उभा असतो. तुम्ही मागे उभे राहिलात की तो जरा वाकून पाटी तुमच्या हातात देतो. तुमच्यामागे कुणी आलं की तुम्ही ती त्याला द्यायची. व्यवस्था बघणारेही स्वयंसेवकच. आयोजकांच्या लेखी इथे गिऱ्हाईक कुणी नाहीच. विकणारे, घेणारे, रांगा लावणारे, सगळे सहभागी. ऐकायला हे भाषणातलं वाटतं. पाटी हातात आली की मात्र पटतं, कारण आता पुढच्या माणसाची सोय तुमच्याकडे असते.

पण मी जाते ती टेबलांसाठी. एका गटाला अर्धं टेबल मिळतं, ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ रुंद. तेवढ्यात माणूस आपलं सगळं वेड मांडून बसतो. मागच्या खेपेला एका काकांकडे रेल्वे फलाटांवरच्या पिण्याच्या पाण्याच्या नळांची पुस्तिका होती. पानोपानी फोटो, खाली स्टेशन, तारीख, आणि पाणी येतं की नाही. "बघू का?" विचारून मी चाळायला घेतली. ते माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते, बोटं कुठल्या पानावर थांबतात ते बघत होते. एका गंजक्या नळावर थांबले, तर हळूच म्हणाले, "हा आता काढून टाकलाय."

साठच्या दशकातली आपली अनियतकालिकं याच जातीची असावीत: बड्या प्रकाशकाला विचारायचं नाही.

बाकी, सगळं इतकं सोवळं नसतं. प्रौढांसाठीचा माल भरपूर असतो. मुलांना नेणार असाल तर दालनांचा नकाशा आधी बघा. लोकप्रिय मांगातली पात्रं उचलून केलेल्या पुस्तिकाही ढिगाने, आणि मूळ प्रकाशक बहुधा काणाडोळा करतात. वेशभूषावाले छान दिसतात, पण घरून नटून यायला बंदी, आत कपडे बदलायची खोली असते. फोटोसाठी परवानगी घ्यावी लागते. कंपन्यांच्या स्टॉलकडे मी फिरकत नाही. तिथलं पुढे दुकानात मिळण्याची आशा तरी असते.

येणारच असाल तर पाचशे येनची नाणी जमवून ठेवा. दहा हजारांची नोट पुढे केलीत की टेबलामागच्याचा चेहरा उतरतो. प्रवेशाला मनगटपट्टी लागते, दुपारची स्वस्त पडते. तोवर नावाजलेल्यांच्या पुस्तिका संपलेल्या असतात, पण नळांची पुस्तिका सहसा शिल्लक असते.