पापडाचा आवाज

शनिवारी पहिल्यांदा लाईव्ह स्टँडअप बघितलं, ते पण आपल्या संभाजीनगरात, जालना रोडवरच्या एका पबमध्ये. जायचं कारण एकच, आपला दोस्त ओपन माइक करणार होता. वाळूजला कंपनीत आहे तो, फर्स्ट शिफ्ट करून आलता.

स्टेज म्हणजे काय तर कोपऱ्यातले दोन टेबल हलवून केलेली जागा. प्रत्येकाला 5 मिनिटं, 4 झाले की मागून मोबाईलचा टॉर्च दाखवणार, मग गुंडाळायचं. बारजवळ चार काका, ते बिचारे मॅच बघायला आलते आणि टीव्ही बंद केला म्हणून आधीच तापलेले.

आधीच्या एकानं मुंबई लोकलचे जोक मारले, इथं लोकलनं जाणारं कोण आहे बाबा, आम्ही शेअर रिक्षावाले. मग आमचा गडी. आठ दिवस माझ्यासमोर पाठ केलेलं, पण एकदम रेडिओवाली भाषा, "मित्रांनो, एक गंमत सांगतो" वगैरे. पहिला पंच गेला, शांतता. दुसऱ्याला नेमका शेजारच्या टेबलावर कुणीतरी मसाला पापड मोडला, तो कुर्रर्र आवाज अख्ख्या हॉलनं ऐकला. मी ग्लासात तोंड घालून बसलो. तेवढ्यात एक काका ओरडले, "अरे मॅच लावा की!"

तर हा म्हणतो, "काका, माझी बी इच्छा तीच हाय, पण नाव देऊन बसलोय ना!"

हॉल फुटला! मग गडी पाठांतर सोडून घरच्यासारखा बोलायला लागला. "पैठणचं धरण भरलं की पेपरात फोटो, दरवाजे उघडले, बघायला ही गर्दी. अन् आमच्या नळाला? फुस्स्. माय माझी नळ उघडा ठेवून झोपती, नुसती हवा आली तरी उठून बसती, म्हणती मागून पाणी असंल." काकांनी टेबल बडवलं.

मला लक्ष्मण देशपांडे आठवले. इथल्याच विद्यापीठात नाटक शिकवायचे, 'वऱ्हाड निघालंय लंडनला'त एकटा माणूस 52 पात्रं उभी करायचा आणि त्यातली निम्मी मजा तर बोलीचीच. मग आपल्या हातात माइक आला की आपण पुणेरी कामून होतो राव?

टॉर्च तीनदा दाखवला, ह्याला दिसेना. शेवटी तेच काका, "ए टॉर्चवाल्या, बोलू दे की त्याला!"

रात्री बाईकवर मागं बसून लई वेळ गप्प होता. क्रांती चौक गेल्यावर विचारतो, "पापडाचा आवाज तुला पण आला का रे?"